औषधवाल्याची घंटा

निताकत आली, म्हणजे आधी सौदी माणसालाच नोकरी द्यायचा तिथला कायदा, आणि माझ्या मुझम्मिलची जुबैलमधली खुर्ची एका सौदी पोराला गेली. त्या पोराला काम शिकवलं कोणी? मुझम्मिलनंच, तीन महिने. मग मालकानं, कफील म्हणतात त्याला, मुझम्मिलला हफ्र अल बातिनच्या साइटवर टाकलं, वाळवंटात, फौजेच्या छावणीशेजारी. तिथं एकच खोली, आणि घरचं माणूसही एकच नेता येणार. आई नाहीतर बायको.

"तू चल, अम्मी," मुझम्मिल म्हणाला. "रुमाना जाईल माहेरी."

लग्नाला दहा महिने झाले होते. सून भांडी घासत राहिली. मी मनात म्हटलं, जिंकले. मुझम्मिलचे अब्बा, हुसेनमियाँ, गेल्यावर दाभोळच्या घरात तीन वर्षं मी भिंतींशी बोलले होते. परत तिथं जायचं नव्हतं मला.

त्याच महिन्यात आमच्या कंपाउंडच्या हॉलमध्ये एका इटालियन इंजिनियरच्या बायकोनं नाटक बसवलं. त्यांच्याकडचं जुनं, पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं. अंक एकच आणि सगळं गाण्यात, भांडणसुद्धा गाऊनच करायचं. मुझम्मिल कामावर, सून मोबाइलमध्ये. मी तालमीला जाऊन बसायची. एक शब्द कळत नव्हता, पण निदान माणसांचा आवाज. एकदा त्या बाईनं पितळेची घंटा माझ्या हातात दिली. तिनं बोट वर केलं की मी पडद्यामागून वाजवायची.

गोष्ट रुमानानं सांगितली, तिला इंग्रजी येतं. "म्हातारा औषधवाला तरुण मुलीशी लग्न करतो. पहिल्याच रात्री दारावरची घंटा वाजते. कायदा असा की कोणी औषध मागायला आलं तर उठायलाच हवं. जरा बायकोजवळ बसला की घंटा. पुन्हा बसला की पुन्हा घंटा."

"वाजवतो कोण मेला?"

"तिचा जुना आशिक. वेश बदलून बदलून येतो. दोघांना एकत्र बसूच द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम."

मी हसले. "आणि घंटा नेमकी माझ्या हातात!"

"मीच सुचवलं, अम्मी. तुम्हांला सराव आहे ना."

जीभ बघा पोरीची! "आईनं दातांऐवजी सुया दिल्यात वाटतं तुला," मी म्हटलं. पण बोलली ते खरंच. त्यांच्या खोलीचं दार लागलं की मी हाक मारायचीच. मुझम्मिल, पाणी दे. मुझम्मिल, गुडघा धरला. मुझम्मिल, गॅस बंद आहे का बघ. गुडघा दुखायचा, खोटं नाही. पण तेवढा नाही.

नाटकाच्या संध्याकाळी हॉल भरला. औषधवाला झालेला जाडा अकाउंटंट बायकोशेजारी टेकला की बाईचं बोट वर, की मी घंटा बडवायची. लोक पोट धरून हसत होते. पडद्याच्या फटीतून मला पुढची रांग दिसत होती. मुझम्मिल, मग एक रिकामी खुर्ची, मग रुमाना. ती खुर्ची त्यांनी माझ्यासाठी धरली होती.

शेवटच्या खेपेला बोट वर झालं, आणि मी घंटा ओढणीत गुंडाळून पोटाशी धरली. बसू दे बिचाऱ्याला घटकाभर.

अकाउंटंट जरा थांबला. मग आपला आपणच उठला आणि दाराकडं धावला. लोक आणखीच हसले. बाईनं पुढचं गाणं सुरू केलं. घंटा वाजली नाही हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. मुझम्मिलच्यासुद्धा.

घरात पाऊल टाकल्या टाकल्या मी त्याला म्हटलं, "मला नाही यायचं तुझ्या हफ्रला. त्या फौजेच्या शेजारी धूळ खात बसू? माझं घर आहे दाभोळला. बायकोला ने."

"अम्मी, तिथं तू एकटी..."

"एकटी म्हणजे? मी काय पाळण्यात आहे?"

"नक्की ना?"

"नक्की."

दुसऱ्यांदा विचारेल म्हणून मी चपला न काढता दारातच उभी राहिले. तो लगबगीनं आत गेला, रुमानाला सांगायला.