बजबजमार्गे बागडोगरा

कंपनीत नवा वैमानिक घ्यायचा, तर आधी त्याला कॅप्टन श्यामरावांची एक खोड सोसावी लागे. त्याला शेजारी बसवून ते कलकत्त्याच्या दमदम विमानतळावरून रिकामं डाकोटा विमान उडवत, उत्तरेला बागडोगऱ्याला जायचंय असं बजावत आणि निवांतपणे दक्षिणेला वळत. खाली बजबजच्या तेलाच्या टाक्या दिसू लागल्या की हा प्राणी काय करतो, एवढंच त्यांना पाहायचं असे. आजवर तिघे मूग गिळून बसले होते. एकाने तर समुद्र दिसल्यावर देखाव्याचं कौतुकही केलं होतं. परवाने सगळ्यांकडे होते. कॅप्टनला चुकलात म्हणायची छाती नव्हती.

चौथा आला जयंत. बालीगंजच्या सरलावहिनींचा मुलगा, दर दसऱ्याला श्यामकाकांना सोनं देऊन वाकून नमस्कार करणारा. हा कसला बोलतोय, असं श्यामरावांना वाटत होतं. त्याला नापास करून वहिनींना तोंड कसं दाखवायचं, याचीच त्यांना धास्ती होती.

पण टाक्या दिसायच्या आतच जयंतने, कानाच्या पाळ्या लाल करून का होईना, दिशा चुकल्याचं सांगितलं. श्यामरावांना इतका आनंद झाला की विमान परत फिरवताना त्यांची जीभ सैल सुटली. कॅप्टनचा अधिकार म्हणजे काय, विमानात अखेरचा शब्द कुणाचा, हाताखालच्याने कधी बोलावं, असं प्रवचन रंगलं. समोर दमदमची धावपट्टी आली तरी ते संपेना.

मध्येच जयंत म्हणाला, "सर, चाकं."

बोलणं तोडू नये, असं श्यामरावांनी त्याला फटकारलं आणि पुढचा मुद्दा काढला. तेव्हा तो पोरगा खणखणीत आवाजात म्हणाला, "चाकं खाली सोडलेली नाहीत. विमान वर घ्या."

श्यामरावांनी पाहिलं. चाकांचा हिरवा दिवा लागलेला नव्हता. मुकाट्याने त्यांनी विमान वर घेतलं, घिरटी घातली, चाकं सोडली आणि अलगद उतरले. प्रवचन तिथंच राहिलं.

खाली मॅनेजर घोषबाबू वाट पाहत होते. विमान एकदा परत वर का गेलं, हे त्यांनी विचारायच्या आतच जयंतने खुशीत सांगून टाकलं, की काकांनी एक नाही, दोन चुका मुद्दाम केल्या, आणि दुसरी तर फारच अवघड होती. घोषबाबू हसले. श्यामरावांनी नुसतं हसायचं होतं. सगळं झाकलं गेलं असतं. खरं सांगितलं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या दमदमला कळणार होतं, आणि परीक्षकाची खुर्चीही कदाचित जाणार होती. त्यांना क्षणभर मोह झाला, हे खरं. फार मोठा मोह झाला.

"पहिली मुद्दाम होती," ते घोषबाबूंना म्हणाले. "दुसरी नव्हती. मी विसरलो होतो. मुलाला घ्या, आणि जमलं तर माझ्याच शेजारी द्या."

घोषबाबूंचं हसू विरलं. जयंतचे पाय आत्ता कुठे लटपटू लागले आणि तो विमानाच्या शिडीवरच बसला. श्यामरावही त्याच्याशेजारी टेकले, कारण त्यांचेही लटपटत होते.