पुढची खोली

गोटीच्या वडिलांचा छापखाना होता, घराच्याच पुढच्या खोलीत. आयुष्यभर त्या धडधडणाऱ्या यंत्राशेजारी उभं राहून त्यांचे कान गेले. गोटी हे तिचं घरातलं नाव. जन्मली तेव्हा गोलमटोल होती म्हणून पडलेलं, पुढे काटकुळी झाली तरी सुटलं नाही. बाबांशी ओरडून बोलायची सवय तिला इतकी जडली होती की शाळेत बाई म्हणायच्या, "अगं, हळू. मी बहिरी नाही." कानांविषयीच शिकायचं हे तिनं तेव्हाच मनाशी धरलं असावं. त्यासाठी ती परदेशी गेली.

शिक्षण संपलं आणि तिथल्याच एका कानाच्या दवाखान्यात तिला नोकरी लागली. दिवसभर म्हाताऱ्याकोताऱ्यांचे कान तपासायचे, साचे घ्यायचे, श्रवणयंत्र बसवून द्यायचं. यंत्र लावल्यावर एखादे आजोबा स्वतःच्याच बुटांच्या आवाजानं दचकायचे, एखादी आजी नुसतीच रडायची. गोटीला ते काम जिवापाड आवडलं. तिथं कायमचं राहता यावं म्हणून तिनं परवान्यासाठी अर्ज केला. निकाल लागेपर्यंत देश सोडायचा नव्हता. सोडला असता तर सगळं पाण्यात.

फोनवर तिनं हे आईला सांगितलं. बाबांना फोनवरचं काही कळत नसे. गोटी बोलायची, आई ऐकायची आणि मग त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायची. गोटीचं लांबलचक बोलणं आई दोन शब्दांत उरकून टाकायची.

"आई, तू बातम्या द्यायला हवी होतीस," गोटी हसायची. मग विचारायची, "पण मी इथंच राहणार, हे सांगितलंस ना त्यांना?"

"सांगते गं. कलाकलानं सांगते."

परवाना काही येईना. शेवटी गोटीनं बाबांच्या कानांची तपासणी घराजवळच्या डॉक्टरांकडून करून घेतली, साचे मागवले, स्वतःच्या हातानं यंत्रं जुळवली आणि कामानिमित्त परदेशी आलेल्या मावसभावाबरोबर घरी पाठवून दिली. रविवारी सकाळी व्हिडिओवर बाबा दिसले. फोटो काढायला बसावं तसे खुर्चीत ताठ बसले होते. मागे आई उभी.

"बाबा, येतंय ऐकू?"

त्यांनी कानातल्या यंत्राला बोट लावून पाहिलं. मग म्हणाले, "तुझा आवाज जाड झालाय गं."

गोटी हसली, रडली, आणि त्या भरात बोलून गेली, "परवाना हातात पडू दे, बाबा, की लगेच येते भेटायला. चांगली पंधरा दिवस राहीन."

"पंधरा दिवस?"

"नोकरी आहे ना इथली. जास्त रजा कोण देणार?"

मागे उभी असलेली आई एकदम आत निघून गेली. बाबांनी मान डोलावली. "बरं, बरं. तब्येतीला जप," म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांनी यंत्रं काढून डबीत ठेवली आणि बरेच दिवस हात लावला नाही.

दुपारी आईनं एकटीनं फोन केला. "छापखान्याचं यंत्र विकलं गं त्यांनी. मागच्याच वर्षी. पुढची खोली रिकामी केली, तुझ्या दवाखान्यासाठी. कान तपासायला शांतता लागते म्हणून सुताराकडून भिंतींना जाड फळ्या मारून घेतल्या. ते विचारायचे, गोटी काय म्हणते? मी म्हणायची, येते म्हणते. एकदा म्हटलं, मग दर वेळी तेच."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर आली असतीस?"



पुढे परवाना आला आणि ती घरी गेली. बाबांनीच तिला पुढची खोली दाखवली. त्यांनी कानात यंत्रं लावली होती. खिडकीला दुहेरी तावदानं होती, दाराला रबराची पट्टी. गोटीनं सवयीनं टाळी वाजवली. जरासुद्धा घुमली नाही.

"छान केलीय, बाबा."

"सुतार चांगला होता." ते फळीवरून हात फिरवत राहिले. मग दार लोटून म्हणाले, "एक ऐक. तू तिकडे कायमची राहणार हे आईपाशी बोलू नकोस एवढ्यात."

"अहो, तिला माहीत आहे. सगळ्यात आधी तिलाच सांगितलं होतं मी."

"ऐकलंय तिनं. माहीत नाहीये." बाबा खिडकीशी जाऊन उभे राहिले. "मला सांगता सांगता तिला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं. रोज ही खोली झाडते. भाड्यानं देऊ म्हटलं, तर दिवसभर जेवली नाही. मी सोसेन गं. मला कमी ऐकायची सवय आहे."

गोटीनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. बाहेर आई कुणाला तरी सांगत होती की लेकीसाठी आज सगळं तिच्या आवडीचं केलंय.

निघायच्या दिवशी सामान गाडीत चढलं. आई गोटीच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "पडदे राहिलेत बघ खोलीचे. तुला कुठला रंग हवा ते सांगून जा. पेशंट यायला लागले की उघडं बरं दिसत नाही."

गोटीनं बाबांकडे पाहिलं. ते गाडीच्या दारापाशी उभे होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं.

"फिकट हिरवा घे, आई," ती म्हणाली.

"मला वाटलंच! मीही तोच बघून ठेवलाय."

महिन्याभरात आईनं लावलेल्या पडद्यांचा फोटो आला. गोटीनं तो दवाखान्यात, जेवणाच्या सुट्टीत पाहिला. बराच वेळ पाहिला. 'सुरेख दिसतायत' एवढं लिहिलं, तोंडावर पाणी मारलं आणि बाहेर ताटकळत बसलेल्या आजींना आत बोलावलं.