मुठीतली लोकर

मेंढपाळाला पुरताना त्याच्या मुठीत लोकरीचा झुपका ठेवतात. वर गेल्यावर कुणी विचारलं, रविवारी चर्चला का नव्हतास, तर मूठ उघडून दाखवायची: मेंढ्यांपाशी होतो. आमच्या खडूच्या डोंगरांतली ही रीत माझ्या आज्यालाही जुनी वाटायची. आणि माझ्या नवऱ्याच्या, एनॉकच्या मुठीत ठेवायला घरात कच्ची लोकर नव्हती.

मालकाने गेल्या वसंतात कळप विकला आणि डोंगर नांगरायला काढला. लढाईत गहू महागला, त्या पैशाची चटक लागली ती सुटेना.

"खालच्या फार्मवरून आणते मूठभर," माझी नणंद थर्झा म्हणाली. "मेलेल्याला काय कळतंय वहिनी, कुठली मेंढी?"

"त्याला कळेल. कोकराचं तोंड बघून त्याची आई कुठली ते सांगायचा तो. तुझ्या मुलींची नावं मात्र शेवटपर्यंत पाठ झाली नाहीत."

"खाष्ट ती खाष्टच तू."

होडली सुतार दारात टोपी चुरगाळत उभा होता. "बाई, झाकण ठोकायचंय. पाद्री दुपारी येतील."

"थांबा जरा. तो काही पळून जात नाही."

आणि मी लोकर शोधायला डोंगर चढायला लागले. गुडघे कुरकुरत होते. रात्रभर जागलेली, पोटात नुसता चहा. आमची वाट कोरडी असली तर गारगोट्या बूट कापतात, ओली असली तर ताकासारखी पांढरी होऊन पाय ओढते. त्या दिवशी ओली होती. एवढा पाऊस पडतो, पण डोंगरावर ओहोळ म्हणून नाही. सगळं पाणी खडू पितो. दोन्ही बाजूंना नांगरट, जिथे माती खरवडून गेली तिथे पांढरीफटक. कळप चरायचा तेव्हा इथल्या गवतावर अनवाणी चालावंसं वाटायचं. मला त्या मालकाचा इतका राग आला, की थोडा वेळ गुडघे विसरले.

माथ्यावर तळं तेवढं नांगरातून सुटलं होतं. मेंढ्यांना पाणी हवं म्हणून एनॉकच्या बापाने खडूवर चिकणमाती तुडवून ते बांधलं होतं. पण नांगराचे घोडे पाणी प्यायला आत उतरले, नालांनी तळ फुटला, आणि पाणी महिन्याभरात गेलं. शेजारच्या काटेरी झुडपात मात्र लोकर अडकलेली सापडली. वर्षभराच्या पावसाने पांढरी केलेली, पण आमच्याच मेंढ्यांची. काढताना बोटं रक्ताळली.

दम खायला मी तळ्याच्या काठावर टेकले, तेव्हा दिसलं. तळाची भोकं बुजवलेली होती. ओली माती आणून, दाबून दाबून. मातीत अंगठ्याचे ठसे होते, आणि डाव्या अंगठ्याचं टोक नव्हतं. एनॉकचं ते कातरीत गेलं होतं.

वर्षभर दर रविवारी मी त्याला धुतलेला सदरा घालून चर्चला धाडायचे. आता तरी जा, मेंढ्यांचं निमित्त संपलं. तो निमूट जायचा आणि पांढऱ्या गुडघ्यांनी परत यायचा. वाटेत घसरलो म्हणायचा. जित्याची खोड! एकही मेंढी पाणी प्यायला येणार नव्हती, तरी म्हातारा तिथे बसून माती दाबत होता. मी तिथेच बसून रडले.

परतले तेव्हा थर्झाने माझ्याकडे पाहिलं. "ते काय गं, मातीचं ढेकूळ?"

मी उजव्या मुठीत लोकर ठेवली. डाव्या मुठीत ठसा उमटलेलं ढेकूळ.

"रीत लोकरीची आहे वहिनी. मातीची नाही."

"लोकर कळप होता तोवरची. गेल्या वर्षाचा जाब काय देईल? खोटं त्याला धड बोलता येत नाही. घसरलो म्हणायचा."

थर्झाने भावाची बोटं एकेक करून ढेकळावर मिटवली. होडलीने खिशातून खिळे काढले.

"आणि तुझ्या हातात काय ठेवायचं गं, वेळ आली की?" तिने हळूच विचारलं.

मी हातांकडे पाहिलं. काट्यांनी फाटलेले, खडूने माखलेले.

"काही नको," मी म्हणाले. "मोकळेच राहू देत. दमलेत."