थोरलीचा बाजार

फरशांच्या कारखान्यातलं काम आठवड्याला सहा दिवसांवरून चारवर आलं, त्या संध्याकाळी घरातले दोन्ही भाऊ तोंड पाडूनच परत आले. दोघेही एकाच भट्टीवर कामाला, त्यामुळे फटका एकदम आणि दुप्पट. घरात खाणारी तोंडं सात: सासूबाई, दोन जोडपी आणि दोन मुलं. थोरली सून घरी बसून शिवणकाम करायची, शिक्षण सातवीपर्यंतचं. धाकटी शाळेत गणित शिकवायची, आणि आकडे म्हटले की तिला हुरूप यायचा.

"किराणा माझ्याकडे द्या," धाकटी म्हणाली. "कमाई तिसऱ्या हिश्श्यानं घटली, तर खर्चही तिसऱ्या हिश्श्यानं घटवायचा. साधं गणित आहे."

थोरली सुईत दोरा ओवत होती. "बरं," एवढंच म्हणाली.

धाकटीनं दूध, साखर, तेल, अंडी, सगळ्यांनाच सारखी कात्री लावली आणि यादी स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवली. पहिला आठवडा सगळं गुण्यागोविंदानं चाललं. मग एकेकाचं बिंग फुटायला लागलं. सासूबाईंच्या उशीखाली बिस्किटांचा पुडा सापडला. धाकटीचा नवरा कारखान्याबाहेरच्या टपरीवर रोज दोन-दोन चहा ढोसत होता. मुलं शाळेतून येताना काहीबाही चरून यायची आणि जेवताना "भूक नाही" म्हणायची. महिनाअखेरीला हे सगळे चोरटे खर्च मिळवले, तर आकडा आधीपेक्षा जास्तच! धाकटीनं तीनदा बेरीज केली. तिन्ही वेळा तेच.

"या वयात चोरी करायला लावलीस गं मला," सासूबाई फणकारल्या, आणि पुडा कुशीत घेऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या.

धाकटी शिलाई मशीनपाशी जाऊन उभी राहिली. "ताई, माझं कुठे चुकलं हो?"

थोरलीला टोमणा मारायची आयती संधी होती, पण तिनं मशीन थांबवलं आणि शेजारचं स्टूल पुढे सरकवलं. "भागाकार बरोबर होता तुझा. पण आईंची बिस्किटं आणि कपडे धुवायची पावडर एकाच कात्रीनं कशी कापायची? पावडर काही रुसून बसत नाही. चल, आधी कचऱ्याची बादली बघू."

"बादली?"

थोरलीनं जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि बादली उपडी केली. अर्धा कडक झालेला पाव, पिवळी पडलेली पालेभाजी, वाटीभर भात, मऊ पडून गेलेले चार टोमॅटो. "हे सगळं आपण पैसे देऊन आणलं, वाहून आणलं, शिजवलं, आणि फेकलं. इथून सुरुवात कर. कुणाच्या ताटातलं काही काढावं लागणार नाही."

दुसऱ्या दिवशी बाजाराला निघताना थोरलीनं तिला आधी जेवायला बसवलं. "उपाशी पोटी दुकानात गेलं की पिशवी आपण नाही, डोळेच भरतात."

दुकानात शिरल्या शिरल्या धाकटीनं लाल पट्टीवर 'बचत' लिहिलेला पावडरचा मोठा खोका उचलला. थोरली मात्र खाली वाकून तळाच्या फळीवर शोधत होती. तिथून तिनं दोन छोटे पुडे ओढून काढले.

"गणिताच्या बाई, किलोला काय पडतं ते सांगा बघू."

धाकटीनं मनातल्या मनात हिशेब केला आणि तिचे कान तापले. छोटे पुडे स्वस्त पडत होते. अकरा वर्षं ती मुलांना गुणोत्तर शिकवत होती, आणि ते पावडरच्या खोक्याला लावायचं तिला कधी सुचलं नव्हतं. "तुम्हाला कसं कळलं?"

"मला भागाकार येतो कुठे धड? एकदा दोन्ही आणून बघितले. कुठला किती दिवस पुरला, ते लक्षात ठेवलं."

भाजीवाल्याकडे थोरलीनं भाव पाडायला हुज्जत घातली नाही. पण एकेक बटाटा असा निरखला, की भाजीवाला धाकटीला म्हणाला, "या बाई घासाघीस करत नाहीत, पण निवडताना मला घाम फोडतात." मऊ टोमॅटोंची आख्खी पाटी तिनं निम्म्या भावात घेतली, कारण ती त्याच संध्याकाळी शिजणार होती.

मग तिनं बिस्किटांचा पुडा घेतला. मुलांना चॉकलेट, थोरल्या भावाला कॉफी, धाकट्यासाठी चहाची चांगली पत्ती.

"ताई, ही उधळपट्टी?"

"हे यादीत सगळ्यात आधी. प्रत्येकाची एक आवड, ठरलेली. घरात उघड मिळालं की बाहेर लपून घेत नाहीत."

"आणि तुमची आवड?"

थोरली चक्क लाजली. तिनं मूठभर भाजलेले शेंगदाणे घेतले, आणि दोघींनी ते रस्ताभर खात घर गाठलं.

त्या महिन्यात खर्च बेतात बसला. पुढच्या महिन्यात सासूबाईंच्या आजारपणात फळांनी तो वर नेला, त्याच्या पुढच्यात परत खाली आला. किलोचे भाव धाकटी काढायची. काय, कधी आणि किती घ्यायचं ते थोरली सांगायची. सातव्या महिन्यात कारखाना पूर्ववत सुरू झाला. तोवर घरानं कुणापुढे हात पसरला नव्हता.

त्या दिवशी जेवताना थोरला भाऊ खुशीत म्हणाला, "शिकलेली सून होती म्हणून निभावलं!"

धाकटीनं हातातला घास खाली ठेवला. "चुकताय भाऊजी. पहिल्या महिन्यात मी सगळं बुडवत आणलं होतं. घर ताईंनी सावरलं. आणि आत्ताच नाही, त्या सोळा वर्षं हेच करताहेत. आपल्या कुणाच्या लक्षात आलं नाही, इतकंच."

थोरला बायकोकडे बघत राहिला. ती आमटी वाढायच्या निमित्तानं खाली मान घालून बसली होती.

"मला वाटायचं, घर आपोआप चालतं," तो हळूच म्हणाला.

"आपोआप फक्त तुझी जीभ चालते," सासूबाई म्हणाल्या. "त्यापेक्षा ऊठ, आणि आज तिला तू वाढ."

तो उठला. आमटी निम्मी ताटाबाहेर सांडली. थोरलीनं उरलेल्या निम्मीत भात कालवला.