बसायला येणारी कोल्हीण

उन्हं कलली की पेंटर आपली घडीची खुर्ची काखेत मारायचा आणि बायकोला म्हणायचा, "जरा येतो गं." कुठे, ते सांगायची गरज नव्हती. शेजारी, धाकट्या भावाच्या घरी. भाऊ मालाचा ट्रक घेऊन बहुतेक दिवस रस्त्यावरच असायचा, तेव्हा भावाकडे म्हणता येत नव्हतं. भावजयीकडे म्हणावं तर तेही खरं नव्हतं. पेंटर जायचा तो भावजयीच्या बागेत येणाऱ्या कोल्हिणीकडे.

भावजयीची, म्हणजे धाकटीची, ती बाग म्हणजे नुसता पसारा. गवत गुडघ्याएवढं, कोपऱ्यात जुन्या फळ्यांचा ढीग, झाडाखाली पडलेली फळं तशीच. धाकटी दवाखान्यात नर्स होती. दिवसभर दुसऱ्यांचं पुसून-आवरून घरी आली की बागेतली काडी इकडची तिकडे करायची नाही. आणि अशा ठिकाणी ती तांबूस, झुपकेदार शेपटीची कोल्हीण खुशाल येऊन पाय पसरून बसायची. हे दोघं पायरीशी कुजबुजत तिच्याकडे बघत राहायचे. मुंगूस यायचं, खारी यायच्या, एकदा तर साळिंदर येऊन गेलं.

थोरली, म्हणजे पेंटरची बायको, हे सगळं आपल्या शिवणखोलीच्या खिडकीतून बघायची. ती कपडे आणि पडदे शिवायची. गल्लीत तिला पाठीमागे 'टाचणी' म्हणत. दिसायला बारीक, उभी राहिली की सरळ, आणि हात लावला की टोचणार. हे नाव तिच्या कानावर आलं होतं आणि खरं सांगायचं तर तिला ते फारसं वाईटही वाटलं नव्हतं. तिची बागही तशीच होती. गवत कातरीने कापल्यासारखं, कुंड्या उंचीप्रमाणे रांगेत, पायवाट रोज सकाळी फिनेलने धुतलेली. मध्यभागी एक लाकडी बाक होता. त्याच्या गाद्यांना तिने स्वतः फुलाफुलांच्या खोळी शिवल्या होत्या, आणि त्या मळू नयेत म्हणून ती बाकावर कुणाला बसू देत नसे. पेंटरने घडीची खुर्ची विकत आणली ती त्यामुळेच.

थोरलीला नवऱ्याचा संशय होता असं कुणी समजू नये. धाकटी सरळ बाई होती, आणि पेंटरला तर कुणी लबाडीची पाटी रंगवायला दिली असती तरी त्याने खाली आपली सही ठोकली असती. संशय असता तर निदान भांडता आलं असतं. कोल्हिणीवरून नवऱ्याशी भांडायचं म्हणजे कोणत्या तोंडाने? म्हणून ती आपली आतल्या आत जळत होती, आणि जळता जळता पडद्यांना टिपा घालत होती.

हातावर हात धरून मात्र ती बसली नाही. तिने अंडी उकडली, कोंबडीचे तुकडे केले आणि पाहुण्यांसाठी ठेवलेल्या निळ्या काठाच्या बशीत मांडून बागेत ठेवले. त्याआधी पायवाट दोनदा धुतली, दुप्पट फिनेल घालून. अंडी कावळ्यांनी खाल्ली. कोल्हिणीने एकदा कुंपणाच्या फटीतून नाक पुढे केलं, शिंकली, आणि मागच्या मागे धाकटीच्या गवतात जाऊन आडवी झाली.

"ताई, फिनेल थोडं कमी करून बघा ना," धाकटी कुंपणापलीकडून म्हणाली. "तिला तो वास सोसत नसेल."

"मला वास सोसत नाही तो घाणीचा," थोरली म्हणाली आणि बशी उचलून आत गेली. धाकटी चांगल्या मनाने बोलली होती, हे तिला कळत होतं. त्यामुळे तर अंगाचा आणखीच तिळपापड झाला.

त्यात तिची घरातली चप्पल शिवणखोलीच्या पायरीवरून नाहीशी झाली. आधी डावी, मग उजवी.

"माझ्या चपलासुद्धा तिकडेच नेऊन ठेवल्यात का?" तिने नवऱ्याला विचारलं.

"मी कशाला नेऊ तुझ्या चपला?" पेंटर म्हणाला. "माझी टाचदेखील मावत नाही त्यात."

मग एक दिवस धाकटीच्या फाटकावर पाटी लागली. पेंटरने एका जुन्या फळीवर कोल्हीण रंगवली होती. पाय पसरून बसलेली, एक कान मुडपलेला, डोळ्यांत तो नेमका आळस. रस्त्यावरून जाणारे थांबून बघायला लागले. थोरलीनेही खिडकीतून पाहिलं. या माणसाने जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. बायकोचं चित्र कधी काढलं नाही. बरं, चित्र राहू दे. तिच्या स्वतःच्या दारावरच्या 'कपडे शिवून मिळतील' या पाटीचे रंग कधीचे उडाले होते. गिऱ्हाईक आता ते 'पडे शिवू मिळती' असं वाचत होतं. सांगितलं की, "करतो, करतो." आणि कोल्हिणीचा कान रंगवायला मात्र याला वेळ होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती कात्रणांची पिशवी ठेवायला शिवणखोलीच्या मागे गेली. तिथे भिंत आणि खोली यांच्यामध्ये हातभर रुंदीची पट्टी होती. ती कुणालाच दिसत नसल्यामुळे थोरलीने तिथे झाडू कधी फिरवला नव्हता. खोलीचा तळ लाकडी, विटांवर उचललेला. त्या तळाखालच्या भोकातून कोल्हीण बाहेर येत होती. तिने थोरलीकडे एकदा पाहिलं, अंग झटकलं आणि कुंपणाखालून सरळ धाकटीच्या बागेत गेली. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि पेंटर हळूच म्हणाला, "आली बघ."

थोरली तिथेच उभी राहिली. म्हणजे मागच्या गल्लीतून हिने बोगदा काढला होता. माझ्या खोलीखालून, माझ्या जमिनीतून वाट काढायची, आणि बसायला जायचं ते तिच्याकडे. माझ्या वाट्याला नुसती जाण्यायेण्याची वाट. अपमान म्हणतात तो आणखी कसा असतो?

तिने मागचापुढचा विचार केला नाही. कुंडीखालच्या विटा काढून आणल्या आणि भोकात ठासल्या. वरून पत्र्याचा तुकडा लावला, त्याला मोठा दगड टेकवला, आणि अर्धी बाटली फिनेल ओतलं. हात धुतले. त्या संध्याकाळी तिला जेवण गोड लागलं.

सकाळी पेंटर तोंड पाडून आला. "आज काहीतरी बिनसलंय गं. कोल्हीण या वेळेला कधी दिसत नाही, पण कुंपणाच्या कडेने नुसत्या येरझाऱ्या घालतेय. बसत नाही, खात नाही. सारखी आपल्याकडे बघतेय."

"आपल्याकडे काय आहे बघायला?" थोरली म्हणाली आणि मजेत शिवणखोलीत गेली.

तिने पडदा मशीनवर घेतला. दोन हात शिवून होतात तोच मशीन कुईकुई करायला लागलं. तिने तेलाची कुपी घेतली, दांड्याला, चाकाला, पायट्याच्या कडीला थेंब थेंब सोडलं. पुन्हा शिवायला बसली. पुन्हा कुईकुई. पट्टा ढिला झाला असेल म्हणून तो ताणला. बॉबिन काढून फुंकली. आपल्या मशीनचा आवाज आपल्याला कळत नाही म्हणजे काय, या विचाराने ती चिडली, आणि चिडून तिने दोन्ही पाय पायट्यावरून उचलले.

मशीन थांबलं. कुईकुई चालूच होती. तिच्या पायांखाली.

ती कशी बाहेर आली ते तिला कळलं नाही. मागे जाऊन तिने दगड ढकलला. पत्र्यावर नखांचे ओरखडे होते, वरपासून खालपर्यंत. एका कडेची माती खणून काढलेली होती आणि तिथे वीट लागल्यावर खणणं थांबलं होतं. थोरली गुडघ्यांवर बसली आणि हातांनी विटा उपसायला लागली. शेवटची वीट निघाली तशी आतून उबट, उग्र वासाची वाफ आली. तिने गाल जमिनीला टेकवून आत पाहिलं.

बोगदा नव्हताच. घर होतं. तिच्या कात्रणांचं अंथरूण होतं, फुलाफुलांचं, पट्ट्यापट्ट्यांचं, आणि त्यावर मातकट रंगाची तीन पिल्लं एकमेकांत घुसून थरथरत होती. एक तिच्या डाव्या चपलेत डोकं खुपसून पडलं होतं. उजेड आत गेला तसं त्याने तोंड वर केलं आणि पुन्हा कुईकुई केली.

थोरलीच्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते सांगितलंच पाहिजे. ती मनात म्हणाली, माझी. इतके दिवस माझ्याकडेच राहत होती. धाकटीच्या बागेत नुसती मिरवायला जायची, संसार माझ्याकडे. तिला कुंपणावरून ओरडून सांगावंसं वाटलं, हे बघा, या इकडे, दोघंही या. आणि मग तिला हातांवर फिनेलचा वास आला.

कोल्हीण कुंपणाखालून आत आली होती आणि चार हातांवर थांबली होती. तिच्या पंजाला रक्त होतं. तिने दात दाखवले नाहीत की गुरगुरली नाही. थोरली जायची वाट बघत ती उभी राहिली.

"जाते," थोरली पुटपुटली. "जाते बाई, ये तू."

ती मागे सरत सरत खोलीत गेली आणि मागच्या खिडकीला लागून उभी राहिली. कोल्हीण भोकात शिरली. बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडात एक पिल्लू होतं, मानेला धरलेलं. ते घेऊन ती कुंपणाखालून पलीकडे गेली. थोड्या वेळाने परत आली, दुसरं नेलं. मग तिसरं. या पिल्लाने तोंडातली चिंधी सोडली नव्हती. ती लोंबत लोंबत कुंपणाखालून गेली. मग मात्र कोल्हीण आली नाही. थोरली खिडकीशी तशीच उभी होती.

"अगं, लवकर ये!" पलीकडून पेंटरने हाक मारली. तो कधी ओरडत नसे. "पिल्लं आहेत! फळ्यांच्या ढिगात!"

ती गेली. तशीच, अनवाणी, गुडघ्यांना माती लागलेली. धाकटी पायरीवर बसली होती आणि तिचा चेहरा नुसता उजळून निघाला होता.

"ताई, बघितलंत का? आपल्याकडे घेऊन आली. इतके दिवस कुठे ठेवली होती कोण जाणे."

"जिथे माणसाचा वावर नाही अशाच जागी ठेवते ती," पेंटर म्हणाला. "कुणी बसत नाही, कुणी येत-जात नाही, अशी जागा हेरते बरोबर."

धाकटी गवतात वाकली आणि तिने एक चिंधी उचलली. फुलाफुलांची. तिने ती उलटसुलट करून पाहिली, मग कुंपणापलीकडच्या बाकाकडे पाहिलं, आणि मग थोरलीच्या हातांकडे.

"ताई, हे तर तुमच्या गाद्यांच्या कापडाचं आहे."

"माझ्या खोलीखाली राहत होती," थोरली म्हणाली. "काल भोक मीच बुजवलं. तुझ्याकडे येते म्हणून. आत पिल्लं आहेत हे मला माहीत नव्हतं."

पेंटर तिच्याकडे बघतच राहिला. धाकटीच्या चेहऱ्यावरचा उजेड मात्र हळूहळू उतरला. ती रागावली असती तर थोरलीला चाललं असतं. पण तो राग नव्हता.

"म्हणजे राहायला तुमच्याकडे होती," धाकटी लहान तोंड करून म्हणाली. "माझ्याकडे नुसती बसायला यायची."

हेच तोंड बघायला थोरली किती दिवस झुरली होती. आता ते समोर होतं, आणि तिला त्याचं काडीचं सुख झालं नाही.

"बसायला तरी कुणी येतं ना तुझ्याकडे," ती म्हणाली. "माझ्याकडे कोण येतं?"

हे धाकटीला उद्देशून नव्हतं, ते तिघांनाही कळलं. धाकटी चिंधीची घडी घालत बसली. पेंटरने आपल्या बुटांकडे पाहिलं, मग बायकोच्या अनवाणी पायांकडे.

"चपला आतच आहेत का?" त्याने विचारलं.

"एक दिसली. दुसरीही तिथेच असेल."

"चल, काढू."

तो उठला. खुर्चीची घडी घातली आणि सवयीने काखेत मारली. फाटकापाशी थोरलीने एकदा वळून पाहिलं. ढिगातून एक पिल्लू बाहेर आलं होतं आणि धाकटीच्या पायाशी हुंगत होतं. तिच्या आत पुन्हा काहीतरी टोचलं, नाही असं नाही.

"आता आपल्याकडे बघण्यासारखं काही राहिलं नाही," ती म्हणाली.

"बघायचं कशाला? बसू," पेंटर म्हणाला.

थोरलीने त्याच्या काखेतली खुर्ची काढून घेतली आणि फाटकाला टेकवून ठेवली.

"ही राहू द्या इथेच," ती म्हणाली. "बाक आहे ना."