दोन बोटं उंच

वहिनीला कयाक घ्यायची होती, आणि तीही साधीसुधी नव्हे. भाड्याने मिळणाऱ्या त्या रुंद, गुबगुबीत होड्यांचा तिला वीट आला होता. तिला हवी होती समुद्रावर वेगाने पळणारी, लांबलचक, अरुंद, वल्हं मारलं की सुळकन पुढे सरकणारी. वय पन्नाशीच्या पलीकडे, धंदा चष्म्याच्या दुकानाचा, आणि ‘वहिनी’ हे काही तिचं नाव नव्हे हो. धाकट्या दिराने तिला वल्हवणाऱ्यांच्या क्लबात आणलं, तो वहिनी म्हणतो म्हणून अख्खा क्लब वहिनी म्हणायला लागला. तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा!

आता हा हट्ट कशासाठी? तर दीपगृहासाठी. वर्षातून एकदा, समुद्र निवलेला असतो तेव्हा, क्लबातली निवडक मंडळी समोरच्या बेटावरच्या दीपगृहापर्यंत जात. म्होरक्या होत्या शिट्टीबाई. शाळेत खेळ शिकवून निवृत्त झाल्या, पण गळ्यातली शिट्टी काही निवृत्त झाली नाही. त्यांचा नियम कडक होता. ओहोटीची ओढ सुरू व्हायच्या आत बेट गाठायचं, म्हणून वेगाची नाव हवी आणि ती सांभाळता यायला हवी. रुंद होडीवाला मागे पडतो आणि त्याच्यापायी सगळे लटकतात. दिराने वहिनीला शब्द दिला होता, “यंदा तू नाव घे. आपण जोडीने जाऊ.”

मग काय विचारता! घरात दुसरा विषयच राहिला नाही. वहिनीने हॉलपासून मोरीपर्यंत खडूने रेघ मारून नावेची लांबी आखली. खुर्चीवर दोन उशा लावून बैठक किती अरुंद असते ते बसून पाहिलं. कुठली हलकी, कुठली दगडावर घासली तरी टिकते, कुठलीला मागे सुकाणू असतं, सगळं तोंडपाठ. नवरा बँकेतून येऊन ती रेघ ओलांडत म्हणाला, “नवरा बघताना एवढी चौकशी केली नव्हतीस.”

“म्हणून तर आता करतेय,” वहिनी म्हणाली.

तो हसला, पण हसण्यात दम नव्हता. त्याला पोहता येत नव्हतं. बायको पाण्यात गेली की ती परतेपर्यंत तो घड्याळ बघत बसायचा, हे ती जाणून होती. पण तो कधी ‘जाऊ नकोस’ म्हणाला नाही, म्हणून तिला त्याचं कौतुकच वाटायचं.

नावांचं दुकान खाडीच्या काठावर होतं. तिथे कंबरभर पाण्यात नाव चालवून बघता यायची. दिराने आधीच जाऊन सगळं लावून ठेवलं होतं. निळी, निमुळती नाव बघून वहिनीला नव्या सुनेसारखी लाज वाटली आणि हसूही आलं. ती बसली, आणि नाव लागली डुगडुगायला. वल्हं उचललं मात्र, वहिनी पाण्यात. पुन्हा बसली, पुन्हा पाण्यात. तिसऱ्यांदा तर काही केलंही नव्हतं, नुसती वळून दिराकडे बघायला गेली, तर धप्पकन तोंडावर. नाकातोंडात खारट पाणी गेलं. काठावर दोन अनोळखी माणसं उभी होती, त्यांनी सभ्यपणे दुसरीकडे बघितलं. तेच जास्त झोंबलं.

दीर नाव धरून पाण्यात उभा होता. हळू आवाजात म्हणाला, “सोड वहिनी. तुझा दोष नाही यात. वय झालं की अंगाचा तोल पहिल्यासारखा राहत नाही. मान्य करावं माणसाने.”

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर वहिनीने त्याला तिथल्या तिथे सुनावलं असतं. पण हा दीर. लग्न होऊन आली तेव्हा हा कॉलेजात होता. घरात नव्या नवरीशी पहिल्यांदा धड बोलला तो हाच. समुद्र दाखवला तो ह्यानेच. तिने मान्य केलं. त्याने मग तिला एका रुंद, लाल नावेत बसवलं. ती पलंगासारखी स्थिर. वहिनीने तीच विकत घेतली आणि घरी येऊन हॉलमधली रेघ पुसून टाकली.

त्या दिवसापासून बाई बदलली. जिना उतरताना कठडा धरू लागली. दुकानात वरच्या खणातली चष्म्याची चौकट काढायला स्टुलावर चढायची, ते बंद केलं. गिऱ्हाइकाने सहज ‘कशा आहात’ विचारलं तरी म्हणायची, “वय झालं हो आता.” मंडळी दीपगृहाला निघाली तेव्हा धक्क्यावर उभी राहून तिने हात हलवला. दिराने लांबून वल्हं उंच करून दाखवलं. ती रुमालाने चष्मा पुसत राहिली. चष्मा स्वच्छच होता.

बेटावर गेलेली मंडळी परत येऊन त्यांच्या गप्पासुद्धा जुन्या झाल्या, तेव्हा कुठे एका दुपारी वहिनी लाल नावेसाठी दोरी आणायला त्या दुकानात गेली. दुकानवाली बाई बोलघेवडी. म्हणाली, “ती निळी स्वस्तात काढतेय, वापरलेली म्हणून. घेऊन टाका की.”

“नको गं बाई. ती मला पाडते.”

“पाडणारच! गादीवर बसून कुणी अशी नाव चालवतं का? मी तुमच्या दिरांना तेव्हाच म्हटलं होतं.”

“कसली गादी?”

“अहो, बैठकीखाली घातली होती ना, दोन बोटं जाड? वहिनींच्या कंबरेचं दुखणं आहे, त्यांना उंच बसावं लागतं म्हणाले. मी म्हटलं, उंच बसल्यावर अरुंद नाव डोलणारच, त्यांना तशी कल्पना द्या. दिली म्हणाले.”

वहिनीची कंबर ठणठणीत होती. तिने हातातली दोरी काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, “नाव पाण्यात काढता का? गादीशिवाय.”

ती बसली. नाव हलली, हो, हलली. पण आपल्या अंगाबरोबर हलली आणि थांबली. वहिनीने वल्हं मारलं. दुसरं मारलं. खाडीत खुणेसाठी तरंगणाऱ्या तांबड्या पिंपापर्यंत गेली, वळसा घातला, परत आली. कोरडी ठणठणीत! आनंदाने ओरडावंसं वाटत होतं आणि त्याच वेळी तळपायाची आग मस्तकात गेली होती. काठाला लागल्यावर ती नावेतच बसून ढसाढसा रडली. दुकानवाली घाबरून म्हणाली, “कंबर दुखली का?”

घरी नवरा शर्टाला इस्त्री करत होता. वहिनीने गादीचं नाव काढलं आणि त्याने इस्त्री बाजूला ठेवली.

“मीच सांगितलं त्याला,” तो म्हणाला. “तू बेटावर जाणार म्हटल्यावर माझी झोप उडाली होती. हात जोडले मी त्याच्यापुढे, म्हटलं तिला त्या नावेचा नाद सोडायला लाव. पण गादीचं मला आधी माहीत नव्हतं गं. ते त्याने नंतर सांगितलं. हसत.”

“आणि तू?”

“मीही हसलो,” नवरा म्हणाला आणि खाली बघत राहिला.

मग जे भांडण झालं ते शेजारच्यांनी टीव्ही बंद करून ऐकलं. वहिनीने तीस वर्षांचं सगळं काढलं, त्यानेही थोडंफार काढलं. पण ते भांडण होतं, त्याला तळ होता. नवरा भित्रा होता, भीतीपोटी वागला, आणि विचारल्यावर खोटं बोलला नाही. शेवटी तोच म्हणाला, “ती निळी आण. मी धक्क्यावर बसून घाबरत जाईन.” पण दिराचं तिला पचेना. त्याने केसाने गळा कापला होता, आणि वर समजूतही घातली होती.

रविवारी सराव होता. वहिनी निळी नाव घेऊन आली. शिट्टीबाई हरखल्या, “अरे वा, पडणार नाही ना आता?” दिराने नाव ओळखली आणि त्याचा चेहरा उतरला. पाण्यात उतरल्यावर तो आपली नाव तिच्या बाजूला घेऊन आला.

“वहिनी, दादाने सांगितलं मला. माझं ऐकून तरी घे.”

“ऐकतेय.”

“तो रडला गं माझ्यासमोर. मी काय करणार होतो?”

“मला सांगायचं होतंस. ‘वहिनी, दादा नको म्हणतोय’, बस एवढंच. मी भांडले असते. कदाचित ऐकलंही असतं त्याचं.”

“तू आणि ऐकणार!” त्याने हसायचा प्रयत्न केला. ते काही जमलं नाही.

“माझ्या दुकानात कुणी आला,” वहिनी म्हणाली, “आणि मी मुद्दाम त्याच्या चौकटीत चुकीची काच बसवून म्हटलं, काका, तुमचे डोळे गेले, आता गाडी चालवणं सोडा. तर मला काय म्हणशील?”

दीर वल्ह्याकडे बघत राहिला.

“मी म्हातारी झाले असं मला खरं वाटलं रे. तुझ्या शब्दावर. स्टुलावर चढायची थांबले मी. आणि फक्त दादासाठी केलंस? खरं बोल.”

त्याने वल्हं नावेवर आडवं ठेवलं. मग म्हणाला, “नाही. मला एकदा मोकळं जायचं होतं. तू असलीस की माझं अर्धं लक्ष मागे असतं.”

तेवढ्यात शिट्टी वाजली. “जोड्या करा! एकाने उलटायचं, दुसऱ्याने वर घ्यायचं. वहिनी आणि दीर, नेहमीप्रमाणे!”

वहिनीने वाद घातला नाही. श्वास घेतला, नाव उलटवली, खालून सुटून वर आली. दिराने आपली नाव अगदी अचूक आणून तिच्यासमोर आडवी लावली होती. तो खाली वाकून म्हणाला, “धर वहिनी.” नावेच्या टोकाची मूठ तिच्या हातभर अंतरावर होती. आजवर ती मूठ तिने न बघताच धरली होती. आज तिने हात पुढे केला आणि तो मध्येच थांबला. रागाने नव्हे. ही धरली तर काय होईल, असा विचार तिच्या मनात आला, आणि तो विचार काही केल्या जाईना.

“धर ना गं,” दीर म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. अश्रू खरे होते, तिला दिसत होतं.

तिने आपल्याच उलट्या नावेला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि ओरडली, “बाई, मला दुसरा जोडीदार द्या!”