निंबातला खिळा

खराद्याच्या लेकीच्या रुखवतात खरादकाम नसेल तर केनवड गावात तोंड कसं दाखवायचं, म्हणून पुंजाजीने टेबल करायला घेतलं. भंगारातली जाड काचेची बरणी उपडी ठेवायची आणि तिच्या बुडावर खरादलेली निंबाची गोल फळी बसवायची. लाकूड धाकट्या भावाने, लखनने, आणलं होतं. कुठल्या झाडाचं, हे विचारायचं भान पुंजाजीला राहिलं नाही. रंग पाहूनच गडी खूश झाला होता.

लाकूड कातायचं खरादयंत्र फिरू लागलं, पटाशी लागली, भुसा उडाला आणि एकदम खाडकन आवाज झाला. ढलपा उडून पुंजाजीची भुवई फुटली. डोळ्यात उतरलेलं रक्त पुसत त्याने यंत्र बंद केलं. लाकडात बोटभर लांब खिळा होता.

खिळा पाहून त्याला लेकीचं जुनं दुखणं आठवलं. संस्कृतीला लहानपणी झटके यायचे. भगताने नाल्यावरच्या निंबात असाच खिळा ठोकून तिचं भूत जखडलं होतं. झटके थांबले ते दवाखान्यातल्या गोळ्यांनी, पण मान मिळाला खिळ्याला.

"हे नाल्यावरच्या निंबाचं हाय?" त्याने लखनला बोलावून विचारलं.

"वाऱ्यानं पडला होता, दादा. चांगलं लाकूड वाया काहून घालाचं?"

पुंजाजी त्याच्यावर तुटून पडला. बुक्क्या घातल्या, लाथा घातल्या, केस धरून डोकं यंत्रावर आपटलं. लखनचा दात भुशात पडला.

"परवा लगन हाय पोरीचं, आन् तू भूत मोकळं केलं!"

हाताला लागली ती बरणी उचलून त्याने लखनच्या डोक्यावर उगारली. आरडाओरडा ऐकून धावत आलेली संस्कृती नेमकी मधे शिरली. बरणी तिच्या हातावर फुटली आणि काच मनगटापासून कोपरापर्यंत फाडत गेली. ती मटकन खाली बसली.

"लागलं! तिले लागलं!" पुंजाजी किंचाळला. "भगताले बलाव!"

लखनने सदरा काढून तिचा हात करकचून बांधला. "भगत कायले? दवाखान्यात नेतो मी तिले."

पुंजाजी दारात आडवा उभा राहिला. भगत येईपर्यंत तो कोणाला हलू देणार नव्हता. सदऱ्यातून रक्त ठिबकतच होतं. संस्कृतीचे ओठ पांढरे पडले होते, पण बापाकडे ती सरळ बघत होती.

"भुतानं नाही, बाबा. तुमी मारलं मले."

पुंजाजी दारातून बाजूला झाला.